खरखर, भुणभुण आणि मुका चॅनल: जुन्या प्रीॲम्पबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळी ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या, साधारण १९६५ ते १९८५ या काळातल्या स्टिरिओ प्रीॲम्पबद्दलचे (म्हणजे प्लेअरचा सिग्नल निवडून, सावरून पॉवर ॲम्पकडे देणाऱ्या भागाबद्दलचे) प्रश्न एकत्र घेतले आहेत. इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायरच्या आतही प्रीॲम्प असतोच, त्यामुळे ज्यांच्याकडे तो आहे त्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल. मल्टीमीटर हाताशी असू द्या. जिथे २३० व्होल्टशी थेट संबंध येतो तिथे सवय नसेल तर माहीतगार माणूस सोबत घ्या.

प्रश्न: वडिलांचा जपानी बनावटीचा प्रीॲम्प बरीच वर्षं माळ्यावर पडून होता. मागे व्होल्टेजचा सिलेक्टर आहे. त्यावर १००, ११७, २२०, २४० असे आकडे आहेत आणि खूण ११७ वर आहे. पुसून थेट लावला तर चालेल का? (एक वाचक, गिरगाव)

उत्तर: लावू नका. खूण ११७ वर असताना २३० व्होल्ट दिले की ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी लगेच तापायला लागते. फ्यूज बरोबर असेल तर तो उडतो. कुणी फ्यूजच्या जागी तार गुंडाळली असेल तर मात्र ट्रान्सफॉर्मरच जातो, आणि तसाच दुसरा मिळणं कठीण असतं. प्लग काढलेला असताना सिलेक्टर २४० वर आणा. २२० वर नको, कारण आपल्याकडे घरातलं व्होल्टेज पुष्कळदा २३० च्या वरच असतं. फ्यूजही बदलावा लागेल. व्होल्टेज दुप्पट झालं की करंट निम्मा होतो, म्हणून ११७ साठी अर्धा अँपिअर असेल तर २४० साठी पाव अँपिअर हवा. हा आकडा बहुधा मागच्या पत्र्यावर छापलेला असतो.

इतर वाचकांसाठी: सिलेक्टरच नसेल आणि मागे फक्त १०० व्होल्ट लिहिलं असेल, तर तो खास जपानच्या बाजारासाठीचा आहे. दुकानात सहज मिळतो तो २३० चा ११० करणारा ट्रान्सफॉर्मर. घरात २४० व्होल्ट आले की तो ११५ देतो, म्हणजे पंधरा टक्के जास्त. त्यापेक्षा २३० ते १०० असा वाइंडिंगवाल्याकडून बांधून घ्या. नुसत्या प्रीॲम्पला १०० व्हीएचा पुष्कळ होतो. मात्र प्रीॲम्पच्या मागच्या सॉकेटवर टर्नटेबल किंवा पॉवर ॲम्प लावणार असाल तर त्यांचे वॉट त्यात मिळवा.

वीज देण्याआधी झाकण उघडा. धूळ मऊ ब्रशने झाडून घ्या. मोठ्या फिल्टर कंडेन्सरच्या बुडाशी तपकिरी, कडक झालेला डिंकासारखा थर दिसेल. तो बहुतेक वेळा कंडेन्सर गळल्यामुळे आलेला नसतो. कारखान्यात कंडेन्सर हलू नये म्हणून लावलेला पिवळसर गोंदच जुना होऊन तसा झालेला असतो. तरी तो तसाच ठेवू नका. तपकिरी झाल्यावर तो थोडीफार वीज वाहू देतो आणि शेजारच्या रेझिस्टन्स-डायोडच्या तारा खातो. लाकडी काडीने किंवा बोथट पात्याने खरवडून काढा आणि खाली तारेचा पाय हिरवा-काळा पडला असेल तर तो भाग बदला. मेन स्विचच्या दोन टोकांवर लावलेला छोटा कंडेन्सर आधीच बदललेला बरा. त्याजागी तेवढ्याच मूल्याचा ‘एक्स-टू २७५ व्होल्ट एसी’ छापलेलाच घ्या, साधा चालत नाही.

मग सिरीज बोर्ड. ४० वॉटचा जुन्या पद्धतीचा, आत तार असलेला बल्ब सिरीजमध्ये लावा, एलईडी बल्बचा इथे उपयोग नाही. चालू करताच बल्ब क्षणभर लुकलुकून विझला तर ठीक. जळतच राहिला तर आत शॉर्ट आहे, तिथेच थांबा. ठीक असेल तर तासभर तसाच चालू ठेवा, म्हणजे पडून राहिलेल्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरांवरचा ऑक्साइडचा थर पुन्हा धरतो.

या सगळ्यात पॉवर ॲम्प जोडायचा नाही. आधी आउटपुट सॉकेटवर डीसी व्होल्टेज बघा. चालू करताच काही व्होल्ट दिसून मिनिटभरात आकडा १०-२० मिलिव्होल्टच्या खाली आला पाहिजे. तो शंभर-दोनशेवर अडकला तर आउटपुटचा कपलिंग कंडेन्सर (डीसी अडवून फक्त सिग्नल पुढे सोडणारा) गळतोय. असा डीसी पॉवर ॲम्पमधून स्पीकरपर्यंत पोचला की वूफरची कॉइल जळू शकते.

प्रश्न: व्हॉल्यूम फिरवताना खरखर येते. डावा चॅनल मधूनच जातो आणि इनपुट निवडायचा सिलेक्टर हलवला की परत येतो. मेकॅनिक म्हणतो, सगळे कंडेन्सर बदलावे लागतील. खर्च करावा का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: अजून नाही. सिलेक्टर हलवल्यावर चॅनल परत येतो हीच खूण पुरेशी आहे. दोष स्विचच्या संपर्कात आहे, कंडेन्सरमध्ये नाही. या वयाच्या प्रीॲम्पच्या बहुतेक तक्रारी स्विच, पॉट (व्हॉल्यूमसारख्या फिरवायच्या बटणामागचा बदलता रेझिस्टन्स) आणि सॉकेट यांच्याच असतात. सरसकट सगळे भाग बदलण्याचा सल्ला आम्हाला मान्य नाही. एकाच वेळी पन्नास ठिकाणी डाख मारल्यावर नवा दोष कुठून आला ते शोधणं फार अवघड होतं.

आधी खात्री करा. इनपुटला डावी-उजवी वायर अदलाबदल करा. मुका चॅनल बाजू बदलून गेला तर दोष प्लेअरकडे किंवा वायरमध्ये. त्याच बाजूला राहिला तर प्रीॲम्पमध्ये किंवा पुढे, मग आउटपुटच्या वायरीही अशाच बदलून बघा. यानंतरचा पहिला संशयित म्हणजे टेप मॉनिटरचं, म्हणजे टेपडेकचा आवाज ऐकण्यासाठीचं बटण. टेपडेक गेला, बटण कुणी वर्षानुवर्षं दाबलं नाही, पण प्रत्येक सिग्नल त्याच्यातूनच जातो. आत चांदीचा मुलामा दिलेले संपर्क असतात. मुंबईच्या दमट हवेत त्यांच्यावर काळा सल्फाइडचा थर चढतो. प्रीॲम्प बंद ठेवून ते बटण वीस-तीस वेळा आत-बाहेर करा. आवाज परतला तर निदान झालं, पण साफ करणं बाकीच आहे.

साफसफाईसाठी प्लास्टिकला चालणारा कॉन्टॅक्ट क्लीनर घ्या, नळीने दोन-तीन थेंबच आत सोडा आणि बटण किंवा पॉट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तीस-चाळीस वेळा फिरवा. पॉटला जिथे पाय बाहेर येतात तिथली फट हा आत जायचा रस्ता, दांड्याच्या बाजूने मारलेला स्प्रे फक्त ग्रीस धुऊन काढतो आणि दांडा ढिला लागतो. दरवाज्याच्या बिजागरीला मारतो तो गंजविरोधी स्प्रे वापरू नका, त्याचं तेल मागे राहतं आणि धूळ धरतं. थिनर किंवा ॲसिटोन तर नकोच. ते जवळच्या पारदर्शक पॉलिस्टायरिन कंडेन्सरवर उडालं तर तो विरघळतो, आणि फोनो बोर्डावर नेमके तेच असतात. बोर्ड पुसायला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल उत्तम. लॅमिंग्टन रोडला सुट्या भागांच्या दुकानांत ते आणि क्लीनर दोन्ही मिळतात. काम झाल्यावर निदान काही तास वाळू द्या.

साफ केल्यावरही फिरवताना खरखर राहिली तर पॉटच्या टोकांवर डीसी मोजा. तिथे जवळजवळ शून्य हवा. काही मिलिव्होल्टच्या वर डीसी असेल तर आधीचा कपलिंग कंडेन्सर गळतोय, आणि तेव्हाच तो बदलायचा. त्या पंक्तीतले दोन्ही चॅनलचे बदला. १ मायक्रोफॅरडपर्यंतच्या इलेक्ट्रोलिटिकच्या जागी फिल्म कंडेन्सर बसत असेल तर तोच लावा, पुन्हा सुकण्याचा प्रश्न राहत नाही. मोठ्या मूल्याचे १०५ अंशांचे, तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचे घ्या. मण्यासारखे टँटलम असतील तर तेही बदला, कारण ते गेले की शॉर्ट होऊन जातात. सिरॅमिक आणि फिल्म कंडेन्सरना हात लावायचं कारण नाही.

आधी मोबाइलवर जवळून फोटो काढा. काही बोर्डांवर प्लसची खूण असते, काहींवर मायनसची. एक चॅनल पूर्ण करून ऐका, मग दुसरा. जुन्या तपकिरी बोर्डाची तांब्याची पट्टी उष्णतेने सुटते, म्हणून २५ वॉटचा सोल्डरिंग आयर्न, ६०/४० सोल्डर आणि एका जागी तीन सेकंदांपेक्षा जास्त नाही. मागचे आरसीए सॉकेट थेट बोर्डावर असतील तर त्यांचे डाख भिंगाखाली पाहा. वायरी ओढून-ओढून पिनेभोवती बारीक गोल भेग पडलेली असते. ती ड्राय सोल्डर पुन्हा वितळवली की मधूनच जाणारा चॅनल अनेकदा कायमचा बरा होतो.

प्रश्न: टर्नटेबल लावला की भुणभुण येते. रेडिओवर काही नाही. घर जुन्या चाळीत आहे. (एक वाचक, परळ)

उत्तर: रेडिओवर शांत आहे म्हणजे पॉवर सप्लायवर पहिला संशय नको. फोनो इनपुट पाच मिलिव्होल्टच्या आसपासचा सिग्नल मोठा करतं आणि खालच्या स्वरांना आणखी उचलतं. रिआ (RIAA) वक्रात, म्हणजे एलपी कोरताना केलेली वाढ-घट वाजवताना उलटवण्याच्या ठरलेल्या प्रमाणात, २० हर्ट्झला १००० हर्ट्झच्या मानाने सुमारे १९ डेसिबल जास्त असतात. त्यामुळे ५० हर्ट्झची किंचितशी घुसखोरीही ऐकू येते.

टर्नटेबलची वायर काढा आणि फोनो सॉकेटमध्ये आतली पिन व बाहेरची कडी जोडलेले दोन प्लग घाला. भुणभुण गेली तर दोष टर्नटेबलच्या बाजूला. मग टर्नटेबलची बारीक अर्थ वायर प्रीॲम्पच्या जीएनडी स्क्रूला घट्ट आहे का, तिचं टोक काळं पडलंय का, आणि कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या डबीच्या) चार पिनांवरच्या बारीक क्लिपा सैल आहेत का ते बघा. टर्नटेबल पॉवर ॲम्पच्या शेजारी असेल तर हलवून पाहा. फूटभर अंतराने फरक पडला तर ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र कार्ट्रिजमध्ये शिरतंय. शॉर्ट प्लग घालूनही आवाज राहिला आणि तो गुंगुं असा खोल नसून झर्र असा धारदार असेल, तर तो १०० हर्ट्झचा. मग फोनो बोर्डाला पुरवठा करणारे फिल्टर कंडेन्सर बदला.

टीव्ही याच प्रीॲम्पला जोडला असेल तर सेट टॉप बॉक्समधून केबलची वायर काढून बघा. आवाज तत्क्षणी गेला तर ग्राउंड लूप, म्हणजे दोन वाटांनी अर्थ जोडला गेल्याने येणारी भुणभुण. टीव्हीच्या वायरीत १०के:१०के चा ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका.

चाळीतल्या वायरिंगचं वेगळं बघावं लागेल. तीन भोकांचं सॉकेट आहे म्हणजे अर्थ आहेच असं नाही. फेज-अर्थ २३० च्या आसपास आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. तसं नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग करून घ्या. भुणभुण घालवण्यासाठी पॉवर ॲम्पची अर्थ पिन कापण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो जिवावर बेतणारा आहे, ऐकू नका.

दोन पिनांचा प्लग असलेल्या प्रीॲम्पला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर एक साधी गोष्ट करा. बाकी सगळ्या वायरी काढून चेसिस आणि अर्थ यांच्यात एसी व्होल्ट मोजा, प्लग उलटा लावून पुन्हा मोजा. ज्या बाजूने आकडा कमी, तशी प्लगवर खूण करून ठेवा. झिणझिण्यांऐवजी सणसणीत शॉक बसत असेल तर वापर बंद.

प्रश्न: फक्त उजव्या चॅनलवर सतत तडतड येते, गाणं लागलेलं नसतानाही. सगळं साफ करून झालं. (एक वाचक, विलेपार्ले)

उत्तर: फोडणीतल्या मोहरीसारखा, अनियमित तडतडणारा आणि मधूनच फस्स करणारा आवाज हा बहुधा जुन्या ट्रान्झिस्टरचा. व्हॉल्यूम शून्यावर न्या. आवाज गेला तर दोष व्हॉल्यूमच्या आधीच्या टप्प्यात, राहिला तर नंतरच्या. फोनोवर येतो आणि ऑक्सवर नाही, असं असेल तर फोनो बोर्ड. एवढ्याने शोध दोन-तीन ट्रान्झिस्टरांवर येतो. मग फ्रीझर स्प्रेचा बारीक फवारा एकेकावर द्या. ज्याच्यावर मारताच तडतड थांबते किंवा एकदम वाढते, तोच दोषी.

सत्तरच्या दशकातल्या जपानी सेटमध्ये सी४५८ छापलेला ट्रान्झिस्टर दिसला आणि त्याचे पाय काळे पडलेले असले तर शोधत बसू नका, त्या बोर्डावरचे सगळे बदला. पायांवरची चांदी काळवंडते आणि दमट हवेत आतपर्यंत सरकते. त्याच्या जागी केएससी१८४५ चांगला. तो कमी आवाजाचा आहे, १२० व्होल्ट सहन करतो आणि पायांचा क्रम एमिटर, कलेक्टर, बेस असा सारखाच आहे. करंट मात्र ५० मिलिअँपिअरच, पण फोनोच्या सुरुवातीच्या टप्प्यांत एक-दोनच्या वर सहसा नसतो. दुकानदार बीसी५५० देईल. तोही शांत आहे, पण त्याचे पाय सपाट बाजू समोर धरली असता कलेक्टर, बेस, एमिटर असे येतात. जुन्या भोकांत तसाच घातला तर चालणार नाही. दोन्ही चॅनलसाठी जवळपास सारख्या एचएफई चे (म्हणजे ट्रान्झिस्टर करंट किती पट वाढवतो त्या आकड्याचे) जोडीने निवडा, साध्या मल्टीमीटरवर मोजता येतं. बाजारात शिक्का पुसून पुन्हा छापलेले नग फिरतात, म्हणून लागतात त्यापेक्षा चार जास्त घ्या आणि एचएफई फारच विसंगत दाखवणारे बाजूला काढा.

प्रश्न: डीआयएन (जुन्या गोल, अनेक पिनांच्या) सॉकेटचा इंग्रजी प्रीॲम्प आहे. सीडी प्लेअर रेडिओ इनपुटला लावला तर व्हॉल्यूम जेमतेम उघडताच कर्कश वाजतो. माहितीपत्रकात १०० मिलिव्होल्ट, १०० किलोओहम लिहिलंय. (एक वाचक, मुलुंड)

उत्तर: प्रीॲम्प बिघडलेला नाही. १९६७ साली आलेला क्वाड ३३ याच पिढीतला. त्या काळच्या ट्यूनरचा सिग्नल शंभर मिलिव्होल्टच्या आसपासचा, आणि सीडी प्लेअर पूर्ण पातळीला २ व्होल्ट देतो, म्हणजे वीसपट. प्रत्येक चॅनलला दोन रेझिस्टन्स लागतील: ४७ किलोओहम सिग्नलच्या वाटेत, आणि त्याच्या प्रीॲम्पकडच्या टोकापासून ग्राउंडला २.७ किलोओहम. याने २ व्होल्टचे साधारण १०८ मिलिव्होल्ट होतात. एक टक्क्याचे, पाव वॉटचे मेटल फिल्म वापरा, ते डीआयएन प्लगच्या आतच मावतात. सीडी प्लेअरवर याचा भार पन्नास किलोओहमच्या आसपास पडतो, तो त्याला सहज पेलतो.

नेहमीच्या पाच पिनांच्या टेप सॉकेटमध्ये २ ग्राउंड, ३ डावा आणि ५ उजवा प्लेबॅक, १ आणि ४ रेकॉर्डिंगचे असतात. तुमच्या मॉडेलची मांडणी माहितीपत्रकातच ताडून घ्या, कारण आउटपुटची मांडणी बऱ्याचदा वेगळी असते.

पुढचा पॉवर ॲम्प नवा असेल तर त्याचा इनपुट इंपीडन्स बघा. आउटपुट कंडेन्सर ०.४७ मायक्रोफॅरड आणि पॉवर ॲम्प १० किलोओहमचा असेल तर ३४ हर्ट्झलाच तीन डेसिबल उतार लागतो आणि तबल्याचा डग्गा पातळ वाटतो. कंडेन्सर ४.७ केला तर हीच सीमा साडेतीन हर्ट्झच्या खाली जाते. चालू करताना आधी प्रीॲम्प, अर्ध्या मिनिटाने पॉवर ॲम्प. बंद करताना उलट. या जुन्या सेटांत धप्प आवाज अडवणारा रिले बहुधा नसतो.

प्रश्न: आजोबांच्या बालगंधर्वांच्या ७८ च्या तबकड्या याच प्रीॲम्पवर वाजवल्या तर आवाज दबलेला येतो. (एक वाचक, दादर)

उत्तर: फोनो इनपुटमधला रिआ वक्र १९५४ चा, तबकड्या त्याच्या कितीतरी आधीच्या. रिआ १०,००० हर्ट्झला सुमारे १३.७ डेसिबल कापतो, कारण एलपीवर तेवढे वाढवून कोरलेले असतात. या तबकड्यांवर तशी वाढ नसते, म्हणून आवाज दबतो. टोन कंट्रोल इथे खरोखर उपयोगी आहेत: ट्रेबल जवळजवळ पूर्ण वर, बास थोडा खाली. सुरसुर फार वाढली तर हाय फिल्टर लावून पाहा, गायकाच्या आवाजाला धक्का लागला तर काढा. मोनोचं बटण मात्र दाबलेलंच ठेवा. स्टिरिओ कार्ट्रिज खोबणीतली वर-खाली हालचालही पकडते. ७८ वर तिच्यात संगीत नसतं, असतो तो नुसता घासण्याचा आवाज, आणि मोनोवर त्यातला मोठा भाग रद्द होतो.

सुई ७८ चीच हवी, टोक सुमारे ३ मिलचं (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग). एलपीची ०.७ मिलची सुई खोबणीच्या तळाला घासते. जुन्या प्लेअरमध्ये क्रिस्टल किंवा सिरॅमिक कार्ट्रिज असेल तर ती फोनोला लावू नका. ती शेकडो मिलिव्होल्ट देते, तिची जागा ऑक्स इनपुट. तिला सुमारे एक मेगाओहमचा भार लागतो, नेहमीच्या ४७ किलोओहमवर बास नाहीसा होतो.

वर बोर्ड पुसायला सांगितलेलं अल्कोहोल या तबकड्यांच्या जवळही आणू नका. त्या लाखेच्या असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य लिक्विड साबणाचे एक-दोन थेंब, मऊ कापड, लेबल कोरडं, आणि पुसून लगेच वाळवणं.

प्रश्न: पावसाळ्यात प्रीॲम्प प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवावा का? (एक वाचक, भांडुप)

उत्तर: नको, आत ओल कोंडते. सुती कापड टाका, बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा आणि तीन-चार दिवसांतून एकदा तासभर वाजवा. तेव्हा सगळी बटणं दोन-चारदा फिरवा, टेप मॉनिटरचंही.